चौदा वेळा उघडलेलं आमंत्रण

जमीन हलली तशी मरझान चौथ्या मजल्यावरच्या कार्यालयातून धावत खाली आली, ती पातळ स्वेटरवरच. नोव्हेंबर महिना, वरून पाणीदार बर्फ पडत होता. अख्खी इमारत रस्त्यावर उतरली होती. कुणाच्या हातात मांजर, कुणाच्या हातात चहाचा कप, आणि शहाण्यांच्या पाठीवर ती ठरलेली पिशवी: पाणी, बॅटरी, कागदपत्रं, कोरडे मोजे. 'अशी पिशवी दाराशी भरून ठेवा,' असं साऱ्या अल्माटीला टीव्हीवरून बजावणारी बाई म्हणजे मरझानच. तिची स्वतःची पिशवी मात्र वर टेबलाखाली राहिली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

"तुम्हीच ना त्या... पिशवीवाल्या?"

तिने वळून पाहिलं. बर्फावरच्या उन्हाने रापलेला एक उंच माणूस. ओठ गंभीर, डोळे मात्र हसत होते.

"चुकताय तुम्ही."

"शक्यच नाही. आमच्या ठाण्यावर एकच चॅनल लागतं. दर गुरुवारी तुम्ही मला मोजे भरून ठेवायला सांगता."

"मग भरलेत का?"

"दोन जोड. एक देऊ?"

हसू आवरायच्या नादात तिचे दात वाजले. त्याने आपला जाड कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. कोटाला डिझेलचा आणि मेंढीच्या लोकरीचा वास येत होता.

"आणि तुम्ही?"

"मी डोंगरावर राहतो हो. एवढी थंडी तर आमच्याकडे उन्हाळ्यात असते."

त्याचं नाव नुरकेन. शहराच्या डोक्यावर, डोंगरात वितळलेल्या बर्फाचं तळं आहे त्याच्या खालच्या अंगाला, एक ठाणं आहे, तिथला तो इंजिनियर. ते तळं फुटलं तर दगड-चिखलाचा लोंढा वीस मिनिटांत शहरात उतरेल, म्हणून त्याच्या गळ्यात भोंग्याची किल्ली असे. त्या दिवशी तो मरझानच्याच कार्यालयात कागद द्यायला खाली आला होता.

नुरकेन दर गुरुवारी कोट न्यायला खाली यायचा, पण कोट काही परत गेला नाही. पहिल्या गुरुवारी मरझान म्हणाली, धुवायला टाकलाय. दुसऱ्या गुरुवारी म्हणाली, बटण तुटलंय. तिसऱ्या गुरुवारी दोघांपैकी कुणीच कोटाचं नाव काढलं नाही. दूध घातलेला चहा आणि गरम तळलेले बाउरसाक यांवर दोन तास गेले, आणि अहो-जाहो कधी गळून पडलं ते कळलंही नाही.

ठाण्यावरून रोज संध्याकाळी सहाला मरझानच्या कार्यालयात फोन यायचा, असा नियमच होता. 'तळं शांत आहे,' एवढं सांगायचं आणि ठेवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. ते आता पाऊण तास चालू लागलं.

"तळं शांत आहे," नुरकेन म्हणायचा.

"आणि तू?"

"मी... माझं विचारू नकोस."

"का? नोंद करावी लागेल मला."

"नोंद कर मग — ठाण्यावरचा इंजिनियर अशांत आहे. कारण समजलेलं नाही."

शेजारच्या टेबलावरच्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. "नुरकेनचं तळं बाई भारीच बोलकं झालंय हल्ली!" मरझान लाल व्हायची आणि पाठ फिरवून बसायची. स्पष्ट असं कुणीच काही बोललं नाही. घाई कसली? सहा तर रोजच वाजत होते.

मरझानचं आयुष्य सर्व्हरच्या खोलीत सुरू झालं होतं. कुलपं, पासवर्ड, चोर. त्यात ती रमलेली. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी बाहेरून शिरून शहराचे भोंगे खोटेच वाजवले. लोक जिन्यांवरून लोटले. तिच्या घराच्या इमारतीतले एक आजोबा पडले, ते पुन्हा उठले नाहीत. त्यांचा हात शेवटपर्यंत तिच्या हातात होता. त्या दिवसानंतर ती संकटाची तयारी पाहणाऱ्या खात्यात आली आणि तिने एक नियम लिहिला: किल्लीवाल्या माणसाने चाचणीच्या खोट्या मेसेजला पासवर्ड दिला, तर किल्ली त्याच दिवशी काढून घ्यायची. दुसरी संधी नाही.

मे महिन्यात तिने तशी चाचणी रचली. लग्नाच्या तोयचं, म्हणजे मेजवानीचं, आमंत्रण. तोयला बोलावलं आणि आपण आमंत्रण उघडूनही पाहिलं नाही, असा माणूस कझाकांत जन्मायचाय. भामट्यांनाही हे पक्कं ठाऊक, म्हणून तेही हाच मेसेज पाठवतात. मरझानने त्यांच्यावर कडी केली. कार्यालयाच्या फोनवर ज्याचं ज्याच्याशी सगळ्यात जास्त बोलणं, त्याच माणसाचं लग्न आहे, असं संगणकाने आपणहून लिहायचं.

"चोर जीव असतो तिथेच हात घालतो, आगा," तिने साहेबांना, म्हणजे सापारबेक आगांना सांगितलं. आपल्या हुशारीवर ती खूश होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी आली. एकेचाळीस जण फसले होते. बहुतेकांनी एकदा उघडलं होतं, काहींनी दोनदा. एका नावापुढे चौदाचा आकडा होता. नुरकेन. वधू: मरझान.

तिने तोंडावर हात दाबला. आनंदाने. हो, पहिला क्षण निव्वळ आनंदाचा होता. चौदा वेळा! पहाटे, चहाच्या वेळी, पाहणीवरून परतल्यावर... मग तिची नजर पुढच्या रकान्यात गेली. तिथे लिहिलं होतं: पासवर्ड दिला.



सापारबेक आगा दारात येऊन उभे राहिले. तिचा चेहरा त्यांनी वाचला असावा. "यादी तुझी, नियम तुझा," ते हळूच म्हणाले. "मी अजून पाहिलेली नाही. दुपारी पाहीन."

एक ओळ पुसायची होती. कुणालाही कळलं नसतं. दुपारपर्यंत ती त्या ओळीपुढे बसून राहिली. पण जिन्यातला तो हात तिला सोडेना. खालच्या शहरात लाखो माणसं झोपतात ती कुणाच्या भरवशावर? तिने सही केली. ती रडली नाही, रडायलाही लाज वाटली.

संध्याकाळी नुरकेन किल्ली जमा करायला आला. बसथांब्यावर तिने त्याला गाठलं.

"तुला कळलं नाही, चाचणी असेल म्हणून?"

"कळलं की. तूच शिकवलंस."

"मग?"

"आणि खरं असलं तर?" तो रस्त्याकडे पाहत म्हणाला. "कुठला हॉल, कोण नवरा... पुढचं पान पासवर्ड मागत होतं. त्या घडीला मुंडकं मागितलं असतं तरी दिलं असतं. चूक माझी आहे, मरझान. तू सही केलीस ते बरोबर केलंस."

"नाव मी घातलं नव्हतं रे. ते मशीनने —"

"तेच तर. सहा महिन्यांत मला जे बोलता आलं नाही, ते तुझ्या मशीनने मोजून काढलं."

"नुरकेन, ऐक. माझं प्रेम आहे तुझ्यावर. पहिल्या दिवसापासून आहे."

तो वळला. तिच्या चेहऱ्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं — डोळे, ओठ, पुन्हा डोळे. अनोळखी मेसेज पुन्हा पुन्हा तपासावा तसं.

"ही पण चाचणी आहे का गं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"नाही! नाही रे..."

"चाचणी घेणारा 'हो' कधी म्हणतो?" तो कसनुसा हसला. "मला खरंच कळत नाहीये आता. कळलं असतं तर किती बरं झालं असतं."

बस आली. तो गेला.

त्याची बदली मांगिस्ताऊला झाली, वाळवंटातल्या पंपघरावर. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास. ती निघणारच होती, पण त्याच्या बहिणीने कळवलं, येऊ नका, तो भेटणार नाही. फोन तो उचलत नसे. मग रोज संध्याकाळी सहाला ती त्याला लिहू लागली. कधी चार ओळी, कधी नुसतं 'ये'. प्रत्येक मेसेजखाली तीच खूण: उघडलेला नाही. जून गेला, ऑगस्ट गेला. शेवटी तिने बहिणीलाच गाठलं. बहिणीचं उत्तर आलं: "तो म्हणतो, जो मेसेज पाहून हात थरथरतो तो उघडायचा नाही, असं तुम्हीच शिकवलंय, आपा."

ऑक्टोबरात शहरात इंजिनियरांची मोठी परिषद भरली. मुख्य भाषण मरझानचं. सर्व्हर सांभाळणारी मुलगी भोंग्यांची राखणदार कशी झाली, ते तिने सांगितलं. तोयच्या आमंत्रणाची गोष्ट साहेबांच्या आग्रहाने भाषणात घातली होती, नावं गाळून. "एका इंजिनियरने ते चौदा वेळा उघडलं," ती म्हणाली, आणि सातशे माणसांचं सभागृह खदखदून हसलं. हसू ओसरेपर्यंत ती थांबली.

शेवटी पहिल्या रांगेतल्या एक पांढऱ्या केसांच्या इंजिनियरबाई उठल्या. "बाळ, त्या चौदावाल्याचं पुढे काय झालं? शिकला का काही?"

मरझानने माईक दोन्ही हातांनी धरला.

"शिकला... पाच महिन्यांत त्याने एकही मेसेज उघडलेला नाही."

"किती पाठवलेत त्याला?"

"रोज एक."

"शाबास!" बाई म्हणाल्या, आणि सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. परिषदेतल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या. काही जण तर उभे राहिले. मरझानने मान लववली, आभार मानले. टाळ्या थांबल्या, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहाला पाच मिनिटं कमी होती, आणि आज काय लिहायचं ते तिला सुचत नव्हतं.