हिऱ्याची चकती

सुपेल्याच्या बाजारात बेअरिंगच्या दुकानावरच्या खोलीत आम्रपाली रामटेके खासगी तपासाची कामं घ्यायची. सोबतीला मामा जानराव, रेल्वेतून रिटायर झालेले.

त्या सकाळी रेणू गजभिये नवऱ्याला, रोशनला, घेऊन आली. प्रयोगशाळेत ती हिऱ्याच्या पातळ चकत्या बनवायची. प्रवेगकातून कणांचा झोत धावतो, तेव्हा तो कुठे आणि किती पडतो ते अशी चकती मोजते. आपली पहिली चकती घेऊन ती सहकारी नरेशबरोबर दुसऱ्या दिवशी इंदूरला शेवटच्या चाचणीसाठी निघणार होती.

"काल चकतीची डबी उघडली तं आत साधी काच," रेणू म्हणाली. "दिवसा डबी लॅबमध्ये, नरेशच्या बाजूले. रात्री घरी. चकतीले मी कोणाले हात लावू देत नाही."

"नरेशच होय," रोशन म्हणाला. "झोत मोजायची त्याची स्क्रीन नापास झाली, हिची चकती पास. जळते तो."

"तुम्ही चकती पाहिली होती?" आम्रपालीनं विचारलं.

"डबीच्या झाकणातून. हात कोण लावू देते मले? बरफासारखा गार तुकडा, अन् जपते पोरासारखा."

नरेश सेक्टर 2 मधल्या क्वार्टरमध्ये भेटला.

"जळतो ना. खोटं कावून बोलू? माही स्क्रीन झोताखाली काळी पडली, तिचा हिरा टिकला. त्या दिवशी जेवण गेलं नाही मले."

"हिऱ्याच्या जागी काच ठेवली तं चालन?" आम्रपालीनं विचारलं.

"पहिल्याच तपासणीत पकडली जाईन. हिरा बोटातली गरमी लगेच ओढते, म्हणून गार लागते. काचेचं तसं नाही."

जिना उतरताना जानराव म्हणाले, "घे, कबूलच केलं त्यानं."

"जळणं कबूल केलं, मामा. चोरी नाही."

संध्याकाळी आम्रपालीनं तिघांनाही खोलीवर बोलावलं.

"काच ठेवून हिऱ्याचं काम भागत नाही, हे नरेशले पक्कं माहीत आहे," ती म्हणाली. "ज्याले दोन्ही सारखेच दिसतात, त्यानं ती ठेवली. रोशनभाऊ, हात न लावता तुमाले तुकडा बरफासारखा गार कसा लागला?"

रोशन रेणूकडे वळला. "तूच सांगितलं असन."

"मी?" रेणू म्हणाली. "माह्या कामाचं तुम्ही कधी विचारलंच नाही."

मग रोशननं खिशातून रुमालाची घडी काढून टेबलावर ठेवली.

"हे नसतं तं तू गेली नसती," तो नरेशकडे बोट दाखवत म्हणाला. "याच्यासोबत."

रेणूनं चकती उजेडात धरून नीट पाहिली. मग चकती डबीत ठेवून ती उठली.

"सकाळी स्टेशनवर सोडून देऊ?" रोशननं हळूच विचारलं.

"नको. नरेश येते न्यायले."