बापानेच नेलं

लेकीला दंडाला धरून तो घरात शिरला तेव्हा त्याच्या अंगावर वर्दीच होती... आणि ती वर्दी आपणच रोज इस्त्री करून देतो, या विचाराने आईच्या अंगाची लाही लाही झाली.

घडलं होतं ते एवढंच. "तुझी आई इस्पितळातल्या मळक्या चादरी धुते," असं वर्गातली एक मुलगी हसत म्हणाली, लेकीने तिला ढकललं, बाक लागून तिचा ओठ फुटला. पूर्वी बाईंनी दोघींना वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण आता शाळेच्या फाटकावर पोलीस होता, आणि तो पोलीस तिचा बाप होता! सगळ्या शाळेसमोरून त्याने तिला चौकीत नेलं आणि संध्याकाळपर्यंत चोरट्यांशेजारी बसवलं.

"मुख्याध्यापकांचा हुकूम होता," तो म्हणाला. "माझी म्हणून सोडली असती, तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं."

"आणि लोकांची पोरं नेता तेव्हा? त्यांना आया नसतात?"

तो बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकला.

त्या दिवसापासून आईने वर्दीला हात लावला नाही. लेक शाळेत जाईना. बापाच्या बुटांचा आवाज आला की ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेई, आणि त्या बंद दाराकडे बघताना आईच्या काळजात संतापाचा वणवा पेटे... चौदा वर्षांच्या जिवाला स्वतःच्या बापाची धास्ती वाटावी?

मग एका दुपारी तो अवेळीच घरी आला आणि बंद दारापाशी जमिनीवर बसला.

"आज सातवीतल्या एका मुलीला न्यायला सांगितलं," तो दाराकडे बघत म्हणाला. "खिडकीची काच फोडली होती तिने. मी म्हटलं, हिच्या आईला बोलवा, मी नेणार नाही. साहेबांनी लांबच्या ठाण्यावर बदली केली. बढतीही गेली."

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं.

"मग मला का नेलंत, बाबा?"

"भ्यालो गं... नोकरीला भ्यालो. तुझा बाप भित्रा निघाला." आणि तो धिप्पाड माणूस ओंजळीत तोंड लपवून ढसाढसा रडू लागला.

लेक बाहेर आली. त्याच्याजवळ नाही, पण त्याच भिंतीला टेकून, हातभर अंतर सोडून बसली.

आईचा राग निवला नव्हता, शाळेवरचा तर कधीच निवणार नव्हता. तिने पायात चपला सरकवल्या.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "पोरांना चौकीत न्यायचं नाही, त्यांच्या आयांना बोलवायचं, हेच मुख्याध्यापकांना सांगायचंय, माझ्यासमोर. आणि वर्दी उतरवून चला... बाप म्हणून."