लिफाफ्यातल्या गिरजाबाई

या विद्यापीठात न्यायसहायक मानसशास्त्राची पदवी घेताना प्रमाणपत्राबरोबर एक बंद लिफाफा मिळतो. प्रमाणपत्राकडे मग कोणी ढुंकूनही बघत नाही.

लिफाफ्यात असते रोपित आठवण. पहिल्या वर्षी प्रत्येकाच्या डोक्यात एक खोटी आठवण पेरतात. लेखी संमती घेतात, पण आठवण कोणती ते सांगत नाहीत. पुढे कुणी तुरुंगात समुपदेशक होणार, कुणी पोलिसांना चौकशीचं तंत्र शिकवणार, कुणी न्यायालयात साक्ष-परीक्षक. माणूस खोटी गोष्ट किती प्रामाणिकपणे सांगतो, हे स्वतःवरून कळल्याशिवाय ही कामं करू नयेत, असा विभागाचा हट्ट.

मैथिली दातीरची खात्री होती, आपली खोटी आठवण म्हणजे लहानपणी हत्तीवर बसल्याची. एवढी चैन आपल्या नशिबात कुठली!

तिनं लिफाफा फोडला आणि आतला कागद वाचून शेजारी बसलेल्या वडिलांपुढे धरला. ‘वय नऊ. सोन्याची साखळी हरवली. कामवाल्या गिरजाबाईंनी घेतली असं मैथिलीनं सांगितलं. त्यांना काढून टाकलं. साखळी नंतर तिच्याच दप्तरात सापडली. ती गप्प राहिली.’

‘‘बाबा, गिरजाबाई...’’

‘‘कोण गिरजाबाई? आपल्याकडे भांडी मीच घासायचो की गं!’’ भास्करराव म्हणाले. ‘‘दोन वर्षं तोंड शिवून बसलोय. आमचीही सही घेतली होती ना यांनी.’’

मैथिली रडता रडता हसायला लागली. दोन वर्षं छातीवर बसलेली बाई उठून गेली होती. नव्हे, ती कधी आलीच नव्हती.

भास्कररावांनी विभागप्रमुख डॉ. बेलसऱ्यांना गाठलं. ‘‘मॅडम, असलं डोक्यात शिरतं तरी कसं?’’

‘‘आठवण काढली की ती थोडा वेळ ओली होते, गिलाव्यासारखी. वाळायच्या आत तिच्यात काही दाबलं, तर तेही घट्ट बसतं. औषधानं आम्ही ती जास्त वेळ ओली ठेवतो आणि प्रश्न विचारत राहतो.’’

‘‘आणि हत्ती?’’ मैथिलीनं धास्तावून विचारलं.

‘‘हत्ती खराच,’’ भास्करराव म्हणाले. ‘‘खाली उतरायला तयार नव्हतीस.’’

डॉ. बेलसरे मात्र हसल्या नाहीत. ‘‘सरावातल्या प्रत्येक प्रकरणात तू आरोपीचा जबाब तीनदा वाचायचीस. एवढं दुसरं कोणी वाचत नाही.’’

‘‘गिरजाबाईंमुळे, मॅडम. पुन्हा कुणावर उगीच आळ यायला नको म्हणून.’’

‘‘म्हणून तर लिफाफा देताना मला दर वर्षी भीती वाटते,’’ डॉ. बेलसरे म्हणाल्या.

मैथिलीनं ते ऐकलं न ऐकलं. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

सोमवारी ती जिल्हा न्यायालयात साक्ष-परीक्षक म्हणून रुजू झाली. पहिलंच प्रकरण एका रखवालदारावरच्या चोरीच्या आरोपाचं. साक्षीदार शाळेतल्या बाई, अगदी ठाम बोलणाऱ्या. ‘साक्ष विश्वसनीय’ असा शेरा मारून मैथिलीनं सही केली. साडेअकरालाच मोकळी होऊन ती प्रसन्न मनानं चहाला गेली.

रखवालदाराचा जबाब तिनं एकदाच वाचला होता.