रोज आठ कोस

२००७ सालच्या मार्चमध्ये भालकीत दुपारी बारा ते तीन वीज हमखास असायची. म्हणून मी त्याच वेळात समुद्र बघायचो.

बसस्टँडच्या मागं माझा कॉम्प्युटर क्लास होता. परीक्षांमुळं मुलांचं येणं बंद झालं होतं. बायको, नेत्रा, मुलीला घेऊन पुण्याला नोकरीवर. फोन रविवारी यायचा, तोही मुलीच्या अभ्यासापुरता. रिकाम्या वेळात मी लढाऊ विमानांचा एक खेळ लावून बसायचो. लढत नव्हतो, नुसता उडत होतो. त्या खेळात जमीन आपल्याला करून घालता यायची. जिथं कुणी जमीन घातली नसेल, तिथं खेळ आपोआप समुद्र भरायचा, त्यामुळं सुरुवातीला आमची भालकीही पाण्याखालीच होती. मी भूगोलाचा पदवीधर. उपग्रहानं मोजलेल्या उंचीचे आकडे मिळवून दीड वर्षात मी कोकण किनाऱ्यापासून बीदरपर्यंतची जमीन बसवली. सह्याद्रीचे कडे, काळं रान, उसाचे हिरवे चौकोन, बीदरचा तांबडा माळ. समुद्र मात्र खेळाचाच ठेवला, कारण तो फार खरा होता. खोलीप्रमाणं रंग बदलायचा. लाटेवर ऊन तुटायचं.

इरप्पा समोरच्या आडतीत हमाल होते. त्याआधी जन्मभर मेंढरं राखलेली. त्यांचा एकुलता मुलगा रविकुमार माझ्याच क्लासला टायपिंग शिकला आणि मालवाहू जहाजावर कामाला लागला. दीड वर्षापूर्वी रत्नागिरीच्या पश्चिमेला तो जहाजावरून पडला. सापडला नाही. कळवणारं पत्र इंग्रजीत होतं. ते घरी जाऊन मीच वाचून दाखवलं होतं.

एका दुपारी इरप्पा प्यायचं पाणी मागायला आले आणि दारातच थांबले.

"सर, ह्यो समुद्रच हाय न्हवं?"

"व्हय, अप्पा."

"आमचा रवी पडला ती जागा दिसती का ह्येच्यात?"

नाही म्हणता आलं असतं. पण पत्रातले अक्षांश-रेखांश मला पाठ होते. मी विमान तिकडं नेलं. किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर आत, नुसतं निळं पाणी. इरप्पा स्टुलावर बसून बराच वेळ बघत राहिले.

"लई मोठं हाय की," ते म्हणाले. मग त्यांनी बोट दाखवलं. "त्ये काय?"

एक काळा ठिपका होता. चित्रातला दोष असेल, असं मला वाटलं. पण त्या समुद्राचं चित्र साडीवरच्या नक्षीसारखं पुन्हापुन्हा येणारं, दोष असता तर तोही पुन्हापुन्हा आला असता. हा एकच होता. मी विमान खाली घेतलं.

डोकं आणि खांदे. लाट त्यांना धडकून दुभंगत होती, मागं फेसाची रेघ उमटत होती.

त्या खेळात माणूस नव्हताच. विमानं होती, जहाजं होती, तोफा होत्या. माणसाचं चित्र कुणी काढलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खेळ नव्यानं सुरू केला. नव्यानं सुरू केला की कालचं काही उरत नाही, ते साठवायची सोयच नाही. त्या जागी खरंच काही नव्हतं.

"जरा अलीकडं बघा," इरप्पा म्हणाले. "आपल्या अंगाला."

ठिपका पंचवीस किलोमीटर पूर्वेला सापडला. तिसऱ्या दिवशी आणखी पंचवीस.

"आठ कोस," इरप्पा म्हणाले. "मेंढरं घिऊन आमी दिसाला आठ कोसच चालायचो. रवी दहा वर्साचा व्हता तवापासनं संगट असायचा. चालायलाय त्यो."

मी खेळ काढून पुन्हा घातला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहिला. ठिपका होताच. हा खेळ खेळणाऱ्या हैदराबादच्या एकाला माझा नकाशा पाठवला, ती जागा कळवली. तिथं फक्त पाणी आहे, असं त्याचं उत्तर आलं.

सातव्या दिवशी तो किनाऱ्याला लागला. मग घाट चढला. जमिनीवर त्याच्या मागं ओली रेघ राहायची, काळ्या रानात ती जास्तच काळी दिसायची.

खरं सांगायचं तर ते दिवस मला बरे गेले. इरप्पा फडक्यात बांधून चार भाकरी आणायचे, दोन माझ्यापुढं ठेवायचे. पडद्याकडं बघत आम्ही जेवायचो. कितीतरी महिन्यांनी मी कुणासोबत जेवत होतो. बारा कधी वाजतात याची मी वाट बघायला लागलो. रवी येणार म्हणून म्हाळसाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, घर सारवून घेतल्याचं इरप्पांनी सांगितलं तेव्हाही मी हे थांबवलं नाही.

तेविसाव्या दिवशी तो बसवकल्याणजवळ होता. इथून दीड दिवसाची वाट. मी विमान अगदी खाली नेलं.

त्यानं मान वर केली.

"वळखलं," इरप्पा हसले.

ते गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि बसवकल्याणपासून बीदरपर्यंतची जमीन पुसून टाकली. पुसली तिथं समुद्र भरला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता इरप्पा आले. मी काय केलं ते त्यांना सांगितलं. भालकीच्या जागी लाटा हलत होत्या. ते रागावले नाहीत.

"सर, त्येला पुन्ना पाण्यात कामून घातलं?" ते म्हणाले. "लई कष्टानं भाईर आला व्हता."

त्यांनी भाकरीचं फडकं उचललं, चपला घातल्या आणि बसवकल्याणच्या रस्त्याला लागले.

पुढचे दोन दिवस ते आले नाहीत. मी कॉम्प्युटर सुरू केला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ऊन इतकं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. म्हाळसाबाई ओट्यावर सुपात तूर निवडत बसल्या होत्या.

"अप्पा आले का?"

"आले की. परवा सकाळीच." त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला, सर. दोघंबी झोपलेत."

दार अर्धं लोटलेलं होतं. आत अंधार होता. माझ्यानं तिकडं बघवेना, म्हणून मी अंगणाकडं वळलो.

दोरीवर इरप्पांचं धोतर होतं. वाळून खडखडीत झालेलं, घडीघडीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. शेजारी एक निळी पँट होती. ती ठिबकत होती. खाली मातीत वाटीएवढा खड्डा पडून भरला होता.

म्हाळसाबाईंनी माझी नजर बघितली.

"परवाच पिळून घातलीया," त्या म्हणाल्या. "एवढी पँटच वाळंना."