बावडीवालीचा दुसरा भाग

पोळ्याच्या आठवड्यात, भुरभुर पाऊस चालू असताना, एक तरुण नागपूरच्या महाल भागातल्या गोपिकाच्या माडीचा जिना चढून वर आला आणि नऊ फूट उंचीच्या बाईसाठी पांढरा झगा शिवून मिळेल का, असं विचारू लागला. माडीवर गोपिका शिवण क्लास घेत असे. ती काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाईले आणलं का संग? माप घ्यावं लागन."

"आणता नाही येत... मेलेली आहे ते."

"मग घाई कायची आहे?"

क्लासातल्या पोरी ओढण्या तोंडाला लावून हसल्या. तरुणही हसला. त्यानं कपाळ पुसायला रुमाल काढला, तर रुमालाला पोस्टर चिकटवायची खळ लागलेली होती आणि ती सगळी भुवईवर आली. गोपिकानं आता मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा काजात डोकं घातलं. पण त्या काजाचा एक टाका चुकलाच.

त्याचं नाव श्रीधर. उमरेडचा. घरी हातमाग होता, पण ह्याचं मन त्यात रमेना, म्हणून नागपुरात एका थेटरात प्रसिद्धीच्या कामाला लागला होता. पोस्टरं लावून घ्यायची, रिक्षात भोंगा घेऊन गल्लीबोळांतून ओरडत फिरायचं आणि खेळ पडला की मालकाच्या शिव्या खायच्या. शुक्रवारी त्या थेटरात भुताचा सिनेमा लागणार होता. बावडीतल्या हडळीचा जुना काळा-पांढरा सिनेमा सगळ्यांनाच ठाऊक होता. त्या हडळीच्या नावानं आया अजून पोरांना झोपवत. तोच आता कुणीतरी रंगीत करून नव्यानं काढला होता. श्रीधरनं मूर्तिकारांच्या चितार ओळीतून बांबू-कागदाची एक हडळ करून घेतली होती. तिला झगा घालून, ठेल्यावर उभी करून गावभर फिरवायची, असा त्याचा बेत होता.

"जुना पाहिला आहे मी," गोपिका म्हणाली. लहानपणी वडिलांबरोबर, त्यांचा दंड घट्ट धरून पाहिला होता. शेवटी त्या बाईला न्याय मिळतो, ती शांतपणे बावडीच्या पायऱ्या उतरून जाते आणि वर पाणी हलतसुद्धा नाही. "नव्याचा म्हणे दुसरा भागही निघन. खरं आहे?"

"खरं आहे. शेवट उघडाच ठेवला त्यायनं."

"पण काहून? सुटली होती ना ते बाई. एकदा उकरून काढली ते काढली, आता परत काहून?"

श्रीधरला खरं तर माप देऊन निघायचं होतं. त्याऐवजी तो स्टूल ओढून बसला.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. बाहीचं माप सांगायचं राहिलं, गळा मोठा हवा, कापडाला थोडा मळकट रंग द्यायचा का... मेलेल्या बाईच्या एवढ्या आवडीनिवडी गोपिकानं जन्मात ऐकल्या नव्हत्या. पोरी जिन्यावर पाऊल वाजलं की "हडळवाले आले" म्हणून कुजबुजत. तो आला की वाद ठरलेला. श्रीधरचं म्हणणं असं, की जुन्या सिनेमावरून नवा काढणाऱ्याचे हात बांधलेले असतात. लोक एकेक गोष्ट जुन्याशी ताडून पाहतात आणि नाकं मुरडतात. दुसऱ्या भागात मात्र ताडून पाहायला काही नसतं. तिथं त्याला स्वतःचं काही सांगावंच लागतं. म्हणून पहिला कसाही होवो, दुसरा निघायलाच पाहिजे.

गोपिकाला हे पटत नव्हतं. ज्याचा शेवट चांगला झालाय त्याचा शेवट मोडल्याशिवाय पुढचा भाग निघत नाही, आणि मोडायचा हक्क ह्यांना कुणी दिला, असं ती म्हणे. शिवाय पहिला अजून लागला नाही आणि दुसऱ्याची दवंडी पिटून मोकळे, म्हणजे उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. हे ती बोलून गेली आणि आपण कुणासमोर काय बोललो ते ध्यानात येऊन पुन्हा काजावर वाकली. मशीनवरच्या पोरींनी पाय थांबवले.

पोळ्याच्या दिवशी क्लासला सुटी होती. झगा न्यायला तो आला तेव्हा माडीवर दोघंच होती. त्यानं घडी हातात घेतली, परत खाली ठेवली. मग सरळच म्हणाला, "तुमचा होकार असन तर मी घरच्यायले घेऊन येऊ?"

गोपिकाला तो आवडला होता, ह्यात काही लपवण्यासारखं नाही. रात्री ती त्याच्या वादाला उत्तरं जुळवत झोपायची, ती काय सिनेमाच्या प्रेमापायी? तरी ती नाही म्हणाली. कारणही सांगितलं. गेल्या वर्षी पारशिवनीच्या एका घरी तिचं ठरलं होतं. साखरपुडा झाला, गल्लीभर पेढे वाटले, आणि महिन्याभरात त्यांचा निरोप आला की जमत नाही. का, ते सांगायची तसदीही कुणी घेतली नाही. तिला मुलाचं दुःख नव्हतं, तो तर दोनदाच पाहिलेला. पण गल्लीतल्या बायांची ती हळहळ... ती तिला चटके देई. तेव्हाच तिनं वडिलांना सांगून टाकलं होतं, आता परत नाही. कोराडीच्या वीज केंद्रात जन्म काढलेल्या तिच्या वडिलांनी, वामनरावांनी, तेव्हापासून लग्नाचा विषयच काढला नव्हता.

"एकदा संपलं ते संपलं," ती श्रीधरला म्हणाली. "मले दुसरा भाग नाही पाहिजे."

त्यानं झगा काखोटीला मारला आणि बरं म्हणून गेला. जिन्यावरची त्याची पावलं आज फार सावकाश वाजली.

आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काय असतं, ते कुणाही नागपूरकराला सांगावं लागत नाही. मारबत निघते. राक्षसिणीचे मोठमोठे पुतळे रस्त्यानं मिरवतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात, आणि लोक आपापली रोगराई, आपापली दुखणी तिच्या अंगावर टाकून ओरडतात, घेऊन जा गे मारबत. मग तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. श्रीधर उमरेडचा. त्यानं ह्या मिरवणुकीबद्दल एवढंच ऐकलं होतं की गर्दी लोटते. गर्दी म्हणजे फुकटात जाहिरात, असा हिशेब करून त्यानं आपली हडळ नेमकी त्या दिवशी ठेल्यावर उभी करून बाहेर काढली. शहाण्यानं ह्याहून मोठा मूर्खपणा करून दाखवावा.

गोपिका गॅलरीतून पाहत होती, शेजारी रजा काढलेले वामनराव. पांढऱ्या झग्यातली ती नऊ फुटी बाई गल्लीच्या तोंडाशी आली मात्र, लोकांनी ठेला ताब्यातच घेतला. श्रीधर घसा फोडून सांगत होता, शुक्रवारपासून, रोज तीन खेळ. पण ऐकतो कोण? खालच्या घरातल्या प्रयागबाई लंगडत पुढे झाल्या आणि हडळीला हात जोडून म्हणाल्या, "माह्ये गुडघे घेऊन जा गे मारबत." कुणी खोकला दिला, कुणी सासूचा त्रास दिला. प्रयागबाईंनी तर श्रीधरच्या पाठीवरून हात फिरवला आणि बजावलं, "पुढल्या वर्षी बी आणजो गा हिले."

गोपिका आधी पोट धरून हसली. मग तिचं हसू थांबलं. पुढल्या वर्षीही... म्हणजे आपण दर वर्षी हिला जाळतो आणि दर वर्षी नवी करतो. एकदा जळाली ना, मग परत कशाला, असं नागपुरात आजवर कुणी विचारलेलं नाही. लोकांची दुखणी नवी असतात, त्यांच्यासाठी तिला यावं लागतं.

ठेला गॅलरीखाली आला. गोपिकानं कठडा धरला आणि जीव खाऊन ओरडली, "पारशिवनी घेऊन जा गे मारबत!"

गर्दीत कुणाला ऐकू गेलं नाही. वामनरावांना गेलं. त्यांनी टोपी काढली, डोळे पुसले आणि टोपी परत घातली. "मी भेवाच्या मारे विचारत नव्हतो वं," ते म्हणाले. तिलाही भीती वाटायची, असं ती म्हणाली, आणि मग तिथंच, ढोलताशांच्या गदारोळात, तिनं त्यांना श्रीधरचं सगळं सांगितलं. अर्धं त्यांना ऐकूच आलं नाही, पण मान ते हलवत राहिले.

शुक्रवारी सकाळी श्रीधर आला तेव्हा त्याच्या बाह्यांना काजळी होती. हडळ शेवटपर्यंत लोकांनी सोडली नव्हती, आणि हाही तिच्यामागं जळेपर्यंत चालत गेला होता. मालकानं आधी शिव्या घातल्या. मग खिडकीवरची रांग पाहून सांगितलं, दुसरी कर. तो गोपिकाकडे न पाहता एवढं सगळं एका दमात बोलला आणि म्हणाला, कापड आणलं आहे, माप तेच.

"ठेवा तिथं," गोपिका म्हणाली. "रविवारी उमरेडहून किती जण येऊन राहिले तुमच्याकडचे?"

"कुठं?"

"इथं. बाबाले सांगून झालं माझं."

श्रीधर स्टुलावर बसला. पोरी क्लासात होत्या, म्हणून त्यानं आवाज खाली आणला. "पण... तुम्ही तर नाही म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. आता हो म्हणते. बाकी पोहे घेऊन खाली मान घालून बसणं होणार नाही माह्याकडून. ते एकदा करून झालं."

"नको बसू," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून एकेरी आलं आणि दोघांनाही ते बरं वाटलं. मग त्यानं डोकं खाजवलं. "पण मी घरी अजून काहीच सांगतलं नाही. नाही म्हटलं म्हणून..."

"मग बसले काहून? उमरेडची बस पकडा."

"आणि हा झगा?"

गोपिकानं कापड मशीनवर ओढून घेतलं. "तो मी शिवते," ती म्हणाली. "तुम्ही निघा."