जाळीमागचा माणूस

दिवा बारीकच राहू दे. आणि मध्येच "खरंच का?" असं कोणी विचारायचं नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो दादा आमच्या मागच्याच घरात राहायचा. सिनेमाच्या शूटिंगचं सामान सांभाळायचा.

तेव्हा बँकदरोड्याचा एक विनोदी सिनेमा चालला होता, बंद पडलेल्या एका बँकेत. दरोडेखोर असे दिवटे, की स्वतःच तिजोरीत अडकतात! पिस्तुलं सगळी रबराची. तरी दादाचा शिरस्ता ठरलेला. ज्याच्यावर पिस्तूल रोखायचं, त्याला ते आधी वाकवून दाखवायचं. लोक टिंगल करायचे. "तुझ्यावर रोखलं की मग हस," दादा म्हणायचा.

त्या रविवारी कॅशियरचं काम त्याच्या धाकट्या भावाला मिळालं होतं. आयुष्यातलं पहिलं काम. घरात कोणाला झोप नव्हती.

आदल्या रात्री, शनिवारी पावणेबाराला, सामानाची पेटी लावताना दादाच्या लक्षात आलं, एक पिस्तूल बँकेतच राहिलं. स्वतःच्या विसरभोळेपणाला शिव्या घालत तो निघाला.

कुलूप काढलं. टॉर्च लावला. पिस्तूल काउंटरवरच होतं. आणि जाळीमागे, कॅशियरच्या खुर्चीत, दोन्ही हात वर करून एक माणूस बसला होता.

दादाला वाटलं, गर्दीच्या सीनला आणलेल्यांपैकी कोणीतरी डुलकी लागून मागे राहिला.

"अहो, पॅकअप कधीच झालं. हात खाली घ्या, घरी जा."

"कसे घेऊ...? रोखलंय ना."

"रबराचं आहे हो ते. हे बघा." सवयीनं दादानं पिस्तूल उचललं आणि वाकवायला गेला.

वाकेना.

थंडगार. जड. लोखंड.

त्यानं ते उघडलं. आत एक गोळी. ती काढली. रिकामं पिस्तूल त्या माणसापुढे धरलं. तो वाकून बघत राहिला... मग हात हळूहळू खाली आले.

"उद्या इथं कोण बसणार?"

"माझा... भाऊ."



टॉर्च विझला. पुन्हा लागला, तेव्हा खुर्ची रिकामी. हातातलं पिस्तूल मऊ, रबराचं.

गोळी दादानं पुलावरून नदीत टाकली. पहाटे भावाला म्हणाला, "आज नको जाऊस." भाऊ हसला. "दादा, वेड लागलं का तुला? नशिबानं दार उघडलंय आणि मी पाठ फिरवू?"

शॉटच्या आधी दादानं पिस्तूल त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा वाकवलं. दरोडेखोर तोंडानंच "ठो!" म्हणाला. भाऊ असा काही कोसळला, की सगळे पोट धरून हसले. दादा मात्र धावत गेला. भाऊ डोळा मारत उठला. दादाला रडूच फुटलं.

संध्याकाळी घरी येऊन भावानं शर्ट काढला. अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

शर्टाला, बरोबर काळजापाशी, वाटोळं भोक होतं. कडा जळलेल्या.