रामहरीच्या नावानं रडलेली फीत

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझ्याएवढं खरं बोलणारा माणूस बारामती-इंदापुरात दुसरा सापडायचा नाही, तरी बसणार नाही.

ही डाळजची सरुबाई शेंगा फोडता फोडता आत्तापासूनच हसतेय. हसू दे.

छप्पन सालचा वैशाख. उसाचं गाळप संपून कारखाना बंद पडलेला. तिथल्या वसाहतीतल्या एका क्वार्टरात, भर दुपारी हे घडलं. जे घडायचं होतं, त्यानं अंधार पडायचीसुद्धा वाट बघितली नाही...

रामहरी बारामतीचा. जर्मनीला शिकायला गेलेला. काय शिकायला? तर यंत्रावर संगीत रचायला. पेटी नाही, तबला नाही. आवाज फितीवर धरायचा, फीत ब्लेडनं कापायची, हवी तशी चिकटवायची. झालं संगीत. याची तिकडं पदवी मिळते.

पदवीसाठी त्याला एक रचना करून द्यायची होती. आधीच्या रचना गुरुजींनी परत केलेल्या. हीसुद्धा पडली असती, तर गाशा गुंडाळून घरी. म्हणून तो सुटीत मामाकडं आला. सोबत ट्रंकेएवढा टेपरेकॉर्डर. कारखान्याची स्वतःची वीज होती, त्यामुळं मामाचं क्वार्टर सोयीचं.

त्याला हवं होतं आपल्या बायकांचं रडणं. मयताचं नाव घेऊन, हेल काढून रडतात ते.

अडचण एकच. त्या आठवड्यात मरायला कुणी तयार नव्हतं.

मामाकडं छबूबाई भांडी घासायची. तिला त्यानं विचारलं.

"जित्या मानसाच्या नावानं रडू न्हाय, सायेब. लागतं ते."

"मग माझं नाव घ्या. मला काही लागत नाही."

छबूबाईनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. "लुगडं द्याल?"

"दोन देतो."

दुसऱ्या दिवशी ती डाळजहून सारजाला रडायला घेऊन आली. सारजाचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. आली, भिंतीला टेकून बसली. शब्द नाही.

"लाजती वो," छबूबाई म्हणाली. "तिच्याकडं बघू नगा. तुमी आपलं यंत्राकडं बघा."

रामहरीनं कानांवर हेडफोन चढवले. यंत्राला एक हिरवा दिवा होता. आवाज आला की तो डोळ्यासारखा उघडझाप करायचा.

बराच वेळ डोळा नुसता मिटलेला...

मग थरथरला.

"रामहरी रंऽऽ... माझ्या लेकरा रंऽऽ..."

रामहरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि गडी खूश झाला. पदवी खिशात पडली की.

फीत संपली. त्यानं हेडफोन काढले. सारजा तशीच बसलेली. छबूबाई दारात सुपारी कातरत होती.

"सायेब," ती म्हणाली, "कवा सुरू करायचं?"

थट्टा करतेय म्हणून तो हसला. लुगडी देऊन दोघींना वाटेला लावलं.

मग बसला कापायला. त्या रडण्यात मधे मधे श्वास होते. त्याला हवा होता एकच अखंड हेल, कुठं न तुटणारा. म्हणून प्रत्येक श्वास तेवढा कापायचा आणि तुकडा खाली टाकायचा.

पहिला तुकडा पडला... त्याला ठसका लागला.

पुढचा पडला... छाती भरायचीच विसरली.

थोड्या वेळानं भरली. उकाड्यामुळं असेल म्हणून त्यानं परत ब्लेड उचललं. एकेक करत शेवटचा श्वास कापला... परत छाती बंद. या खेपेला जास्त वेळ.

तेव्हा त्याला उमगलं. ज्याच्या नावानं रडणं, त्याचेच श्वास.

भिंत धरत तो मोरीपर्यंत गेला. तोंडावर पाणी मारलं. अजून वेळ गेली नव्हती. तुकडे होते. होते तिथं परत चिकटवायचे, बस.

तो खोलीत आला.

फरशी लख्ख झाडलेली...

"मामी... इथले तुकडे..."

विजयमाला मामीला स्वच्छतेची भारी हौस. स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "तो कचरा होय? चुलीत घातला. काय भपकन पेटला रे. आणखी असेल तर दे, चहाला आधण ठेवलंय."

रामहरी मटकन खाली बसला. तोंड उघडं. बोलण्यापुरतीही हवा नाही.

मामी धावत आली. पाठ चोळली, छाती चोळली. निळा पडत चाललेला रामहरी तिच्याकडं बघत राहिला. चुलीवरचं आधण उकळत होतं.

मग मामीनं हंबरडा फोडला. त्याचं नाव घेऊन, हेल काढून. त्याला हवं होतं अगदी तस्सं. यंत्र चालूच होतं...

पण हिरवा डोळा काही उघडला नाही.

ती फीत अजून आहे म्हणतात. लावली की बाई श्वास न घेता रडते. एवढं रडायला तशीच छाती लागते बाबांनो. सारजाचा गळा म्हणजे...

"आबा, हितं मातर खोटं बोललासा."

सरुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"सारजा माझी सख्खी आत्या. जल्माची मुकी हाय ती. जित्या मानसावर रडणं नको, म्हनून तर छबूबाईनं तिलाच नेली हुती."